न्यूट्रिनो-मिश्रणाचे तीन कोन आणि सममितीची कसोटी

न्यूट्रिनोचे तीन प्रकार आणि त्यांची तीन निश्चित वस्तुमाने यांच्यातील नाते सांगण्यासाठी तीन कोन आणि किमान एक कला (फेज) लागते. या कोनांपैकी पहिला सुमारे ३३.८ अंशांचा, दुसरा ४५ अंशांच्या आगेमागे आणि तिसरा सुमारे ८.५ अंशांचा आहे, इतके आज प्रयोगांनी ठरले आहे. हेच आकडे का, याचे उत्तर कणभौतिकीच्या प्रमाण प्रतिमानात मिळत नाही, कारण त्या प्रतिमानाच्या मूळ मांडणीत न्यूट्रिनोला वस्तुमानच नाही आणि ते मागाहून घातले तरी कोनांच्या किमती प्रयोगातून उचलूनच घ्याव्या लागतात. गेल्या पाव शतकात अनेक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी हे उत्तर सममितीत शोधले. प्रस्तुत पुस्तकात त्या उत्तरांची प्रयोगांतील आकड्यांशी गाठ घालून दिली आहे, आणि ती गाठ प्रामाणिकपणे कशी घालावी हाच त्यातील मुख्य प्रश्न आहे.

न्यूट्रिनो निर्माण होतो तो इलेक्ट्रॉन, म्यूऑन किंवा टाऊ या तीन विद्युतभारित कणांपैकी एकाच्या जोडीने, आणि त्या जोडीदारावरून त्याचा प्रकार ठरतो. मात्र ज्या अवस्थेला ठरावीक वस्तुमान आहे ती अवस्था आणि हा प्रकार एकच नसतात. प्रत्येक प्रकार हा तिन्ही वस्तुमान-अवस्थांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण असतो. प्रवासात या तीन घटकांच्या लहरी वेगवेगळ्या गतीने पुढे सरकत असल्यामुळे मिश्रणाचे स्वरूप बदलत जाते, आणि इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो म्हणून निघालेला कण काही अंतरावर म्यूऑन-न्यूट्रिनो किंवा टाऊ-न्यूट्रिनो म्हणून सापडू शकतो. या घटनेला न्यूट्रिनोचे आंदोलन म्हणतात. मिश्रणाची प्रमाणे तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या एका चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडता येतात. ब्रुनो पाँटेकॉर्व्हो यांनी १९५७ मध्ये आंदोलनाची कल्पना सुचवली आणि झिरो माकी, मासामी नाकागावा व शोइची साकाता यांनी १९६२ मध्ये मिश्रणाची मांडणी केली. या चौघांच्या नावाने ही मॅट्रिक्स ओळखली जाते. तिच्यातील संख्या परस्परांपासून स्वतंत्र नसतात, कारण कोणत्याही ओळीतील किंवा स्तंभातील प्रमाणांची बेरीज एक भरावी लागते. म्हणून सगळी मॅट्रिक्स तीन कोन आणि एका कलेतून उभी करता येते. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तर आणखी दोन कलांची भर पडते, परंतु आंदोलनाच्या प्रयोगांना त्या दिसत नाहीत.

तीन कोनांना त्यांच्या मोजणीच्या इतिहासावरून सौर कोन, वातावरणीय कोन आणि अणुभट्टी-कोन अशी नावे रूढ आहेत, आणि या पुस्तकातही तीच वापरली आहेत. सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा तुटवडा रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील होमस्टेक खाणीत नोंदवला होता. अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच न्यूट्रिनो त्यांना सापडत होते. वैश्विक किरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो तयार होतात त्यांची पहिली नोंद १९६५ मध्ये झाली, आणि ती करणाऱ्या दोन गटांपैकी एक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा होता, ज्याने जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर आपली उपकरणे बसवली होती. याच वातावरणीय न्यूट्रिनोंच्या मोजणीतून १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने आंदोलनाचा निर्णायक पुरावा दिला. २००१ आणि २००२ मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने सौर न्यूट्रिनो नाहीसे होत नसून प्रकार बदलतात हे दाखवले, आणि त्याच सुमारास जपानच्या कामलँड प्रयोगाने अणुभट्ट्यांपासून निघणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंमध्ये तोच कोन मोजला.

या निष्कर्षांनी सिद्धांतकारांना चकित केले. क्वार्कांच्या मिश्रणात सर्वांत मोठा कोन सुमारे १३ अंशांचा, त्याखालचा अडीच अंशांहूनही कमी आणि तिसरा त्याहून पुष्कळ लहान आहे. न्यूट्रिनोंच्या बाबतीत मात्र एक कोन जवळजवळ ४५ अंशांचा आणि दुसरा ३५ अंशांच्या जवळपास निघाला, तर तिसऱ्याचा पत्ताच लागेना. फ्रान्समधील शू येथील प्रयोगाने एवढेच सांगितले होते की तो असलाच तर लहान आहे. या स्थितीत पॉल हॅरिसन, डोनाल्ड पर्किन्स आणि विल्यम स्कॉट यांनी २००२ मध्ये एक अतिशय देखणा आकृतिबंध पुढे ठेवला. त्यानुसार सौर कोनाच्या साइनचा वर्ग १/३, वातावरणीय कोनाच्या साइनचा वर्ग १/२ आणि अणुभट्टी-कोन शून्य होता. दुसऱ्या वस्तुमान-अवस्थेत तिन्ही प्रकारांचा वाटा समसमान, आणि तिसरीत म्यूऑन व टाऊ यांचा प्रत्येकी निम्मा, असा त्याचा सोपा अर्थ होता. या आकृतिबंधाला ट्राय-बायमॅक्सिमल मिश्रण म्हणतात, आणि पुढील दहा वर्षे तो या क्षेत्राचा ध्रुवतारा ठरला.

एक-तृतीयांश आणि एक-द्वितीयांश असे अपूर्णांक मोजमापातून अपघाताने निघत नाहीत, त्यांच्यामागे काही रचना असली पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक होते. गणितात अशी रचना सांत गटांमध्ये आढळते. गट म्हणजे एखाद्या वस्तूला तिचे रूप न बदलता जितक्या रीतींनी फिरवता येते त्या सर्व क्रियांचा संच. चार त्रिकोणी पृष्ठांचा नियमित चतुष्फलक अशा बारा रीतींनी फिरवता येतो आणि त्या बारा क्रियांच्या गटाला ए-४ म्हणतात. घनाचा चोवीस क्रियांचा गट एस-४ आणि विंशतिफलकाचा साठ क्रियांचा गट ए-५ या नावाने ओळखला जातो. या गटांना तीन घटकांना एकत्र बांधून ठेवणारे, आणखी लहान तुकड्यांत न मोडणारे निरूपण असते, आणि लेप्टॉनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ आणि त्यांचे न्यूट्रिनो यांच्या, नेमक्या तीन पिढ्या असल्यामुळे त्या तिघींना एकाच निरूपणात बसवण्याचा मोह टाळणे कठीण होते. अर्नेस्ट मा आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील जी. राजशेखरन यांनी २००१ मध्येच न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांसाठी ए-४ वापरला होता, आणि ग्वीदो अल्तारेल्ली व फेरुच्चो फेरुल्यो यांनी २००५ नंतर त्याच गटातून ट्राय-बायमॅक्सिमल मिश्रण मिळवणारी सविस्तर प्रतिमाने उभारली.

ही प्रतिमाने कशी चालतात हे एकदा नीट समजून घेतले तर पुढील सर्व चर्चा सुलभ होते. मुळात सममिती पूर्ण असते आणि ती तशीच राहिली तर कणांच्या वस्तुमानांत फरकच उरणार नाही, म्हणून ती मोडावी लागते. परंतु ती विद्युतभारित लेप्टॉनांच्या भागात एका दिशेने मोडते आणि न्यूट्रिनोंच्या भागात दुसऱ्या दिशेने, त्यामुळे दोन्हीकडे मूळ गटाचा वेगवेगळा अंश शिल्लक राहतो. शिल्लक राहिलेली प्रत्येक क्रिया आपल्या भागातील वस्तुमान-अवस्थांची दिशा ठरवून टाकते, आणि दोन भागांतील दिशांमधील फरक हेच मिश्रण असते. म्हणूनच कोनांच्या किमती प्रतिमानातील सुट्या संख्यांवर अवलंबून न राहता गटाच्या भूमितीतून थेट निघतात. सी. एस. लाम यांनी २००८ च्या सुमारास हा विचार उलट दिशेने मांडला आणि दिलेल्या आकृतिबंधावरून त्यामागचा किमान गट कसा ओळखावा हे दाखवले. ए-५ गटातून सुवर्ण गुणोत्तरावर आधारलेला सौर कोन मिळतो, सुमारे ३१.७ अंशांचा, आणि इतर गटांतून ३० किंवा ४५ अंशांचेही कोन मिळतात. निवड करणारा हात शेवटी निसर्गाचाच, आणि तो कौल प्रयोगातूनच मिळणार होता.

हा कौल ८ मार्च २०१२ रोजी आला. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील दाया बे अणुवीज प्रकल्पाजवळ बसवलेल्या सहा शोधकांनी ५५ दिवसांत जमवलेल्या नोंदींवरून अणुभट्टी-कोन शून्य नाही, हे पाच प्रमाण विचलनांहून अधिक खात्रीने जाहीर झाले. प्रमाण विचलन हे मोजमापातील चढउताराचे माप आहे, आणि पाच विचलनांच्या अंतरावर नुसत्या योगायोगाची शक्यता लाखांत एकाहूनही कमी उरते. जपानच्या टी-टू-के प्रयोगाने २०११ मध्ये दीडच्या जागी सहा घटना नोंदवून तशी चाहूल दिली होती, आणि दाया बेनंतर काही आठवड्यांतच दक्षिण कोरियाच्या रेनो प्रयोगाने दुजोरा दिला. दाया बेच्या पहिल्या निष्कर्षातून हा कोन सुमारे ८.८ अंशांचा ठरत होता. पुढील मोजणीनंतर तो ८.५ अंशांच्या जवळ स्थिरावला. एखाद्या अंशाचा फरक दुरुस्तीच्या खाती टाकता आला असता, परंतु जवळजवळ नऊ अंशांना शून्य म्हणता येत नव्हते. ट्राय-बायमॅक्सिमल मिश्रण आपल्या मूळ रूपात त्या दिवशी बाद झाले.

या घटनेची दखल पुस्तकांतून बऱ्याचदा ओझरती घेतली जाते, म्हणून येथे तिच्याजवळ जरा थांबणे योग्य होईल. सममितीच्या विचाराचा तो पराभव होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उलट तो विचार खोडून काढता येण्याइतका स्पष्ट होता, हे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि सैद्धांतिक भौतिकीतील प्रत्येक प्रस्तावाला इतके म्हणता येत नाही. खरी अडचण पुढे उद्भवली. काही महिन्यांच्या आतच जुन्या प्रतिमानांना जोडपत्रे लागू लागली: कुठे नवे अदृश्य क्षेत्र, कुठे सममिती मोडण्याच्या दिशेत थोडी तिरकी चाल, कुठे भारित लेप्टॉनांकडून येणारी भर. मोजलेला कोन हवा तसा मिळेपर्यंत सुट्या संख्या वाढवत गेल्यावर प्रतिमान आकड्यांशी जुळते खरे, परंतु त्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही. चार राशी समजावण्यासाठी चार सुट्या संख्या घेणारे प्रतिमान प्रयोगाने खोटे ठरू शकत नाही, म्हणून त्याला खरे म्हणण्याचाही आधार राहत नाही.

यातून निघालेला टिकाऊ मार्ग असा, की कोनांच्या सुट्या किमती सांगण्याऐवजी कोनांमधील नाती सांगायची. सममितीचा काही अंशच शिल्लक राहतो असे मानले, तर मॅट्रिक्सचा एकच स्तंभ ठरतो आणि बाकीचे दोन एका सुट्या कोनाइतके फिरू शकतात. ट्राय-बायमॅक्सिमल आकृतिबंधाचा पहिला स्तंभ तसाच ठेवणाऱ्या प्रकाराला टीएम-१ आणि दुसरा स्तंभ ठेवणाऱ्याला टीएम-२ म्हणतात. टीएम-१ मध्ये पहिल्या वस्तुमान-अवस्थेतील इलेक्ट्रॉन-प्रकाराचा वाटा नेमका दोन-तृतीयांश, म्हणजे ०.६६७ असतो, टीएम-२ मध्ये दुसऱ्या अवस्थेतील तो वाटा नेमका एक-तृतीयांश, म्हणजे ०.३३३ असतो. हे वाटे सौर कोन आणि अणुभट्टी-कोन या दोहोंतून मिळून ठरतात. अणुभट्टी-कोनाच्या साइनचा वर्ग सुमारे ०.०२२ आहे हे माहीत असल्यामुळे सौर कोनाच्या साइनच्या वर्गाबद्दल टीएम-१ चे भाकीत ०.३१८ आणि टीएम-२ चे ०.३४१ असे लगेच काढता येते. दोन्ही भाकिते हाताने करता येतील इतक्या सोप्या गणिताची आहेत आणि दोन्हींत कोठेही सुटी संख्या उरलेली नाही.

येथे चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील जुनो प्रयोगाचे महत्त्व लक्षात येते. सुमारे सातशे मीटर खोलीवर वीस हजार टन प्रकाशमान द्रव भरलेला हा शोधक दोन अणुवीज केंद्रांपासून सुमारे ५३ किलोमीटरवर आहे, आणि हे अंतर सौर कोनामुळे होणारे आंदोलन सर्वांत ठळक दिसावे असे निवडलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मोजणी सुरू करून नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम ५९ दिवसांच्या नोंदींवरून, या प्रयोगाने सौर कोनाच्या साइनचा वर्ग ०.३०९२ असून अनिश्चितता ०.००८७ आहे असे जाहीर केले. टीएम-१ चे भाकीत या किमतीपासून एका प्रमाण विचलनाच्या अंतरावर पडते, तर टीएम-२ चे साडेतीन विचलनांहून थोडे अधिक दूर. सुवर्ण गुणोत्तराचा सौर कोन साइनच्या वर्गाच्या भाषेत ०.२७६ येतो, म्हणून तोही आपल्या निव्वळ रूपात जवळजवळ तितकाच दूर राहतो. दोन महिन्यांच्या मोजणीने इतकी चाळणी केली असेल, तर सौर कोन अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने मोजण्याचे जुनोचे उद्दिष्ट गाठले जाईल तेव्हा टीएम-१ लाही आपली जागा राखणे सोपे जाणार नाही.

तथापि अशी तुलना करताना काही खबरदारी घ्यावी लागते, आणि या पुस्तकाची मधली प्रकरणे तिच्यासाठीच राखून ठेवली आहेत. जगातील सर्व प्रयोगांचे आकडे एकत्र करून कोनांच्या किमती काढण्याचे काम काही मोजके गट नियमितपणे करतात आणि त्यांपैकी नूफिट या गटाची कोष्टके सर्वांत अधिक वापरली जातात. कोष्टकात प्रत्येक राशीची उत्तम किंमत आणि तिच्यापुढे अधिक-उणे अनिश्चितता छापलेली असते, त्यामुळे प्रत्येक कोन सुटा घेऊन भाकिताशी ताडून पाहण्याची सवय सहज लागते. वातावरणीय कोनाच्या बाबतीत ही सवय थेट फसवते, कारण उपलब्ध नोंदी ४५ अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन किमतींना जवळजवळ सारखाच पाठिंबा देतात, आणि कोणते आकडे मिसळले यावर उत्तम किंमत कधी ४३ अंशांच्या तर कधी ४८ अंशांच्या बाजूला झुकते. कोनाची प्रत्येक किंमत नोंदींशी किती विसंगत आहे हे दाखवणाऱ्या अशा दोन तळ असलेल्या वक्राला एका सरासरीने आणि एका विचलनाने दाखवता येत नाही. या वक्राची पूर्ण कोष्टके वापरून, कोन, कला आणि वस्तुमानांच्या वर्गांतील फरक यांचा परस्परसंबंध ध्यानात ठेवूनच भाकिताची परीक्षा घेतली पाहिजे. वस्तुमानांचा क्रमही येथे आडवा येतो: तिसरी अवस्था सर्वांत जड की सर्वांत हलकी हे अद्याप ठरलेले नाही, आणि टी-टू-के व अमेरिकेतील नोव्हा या प्रयोगांनी २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संयुक्त विश्लेषणानेही कोणत्याही बाजूला ठाम कौल दिला नाही.

दुसरी खबरदारी ऊर्जेच्या पातळीची. सममिती ज्या प्रचंड ऊर्जेला लागू असते असे मानतात तिथून प्रयोगशाळेच्या ऊर्जेपर्यंत येताना कोनांच्या किमती थोड्या सरकतात. तिन्ही वस्तुमाने एकमेकींपासून बऱ्यापैकी वेगळी असतील तर हा सरकाव नगण्य असतो, परंतु ती जवळजवळ समान असतील तर सौर कोन लक्षणीय बदलू शकतो. वस्तुमाने समान असण्याला विश्वशास्त्रातील निरीक्षणांनी आता फारशी जागा ठेवलेली नाही. तरीही प्रत्येक प्रतिमानाने ही भर स्वतः मोजून दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

सममितीच्या विरुद्ध बाजूचे मतही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवे. लॉरेन्स हॉल, हितोशी मुरायामा आणि नील वाइनर यांनी १९९९-२००० मध्ये असे सुचवले, की न्यूट्रिनोंच्या मिश्रणामागे कोणताही नियम नसावा आणि मॅट्रिक्स जणू यदृच्छेने उचललेली असावी. या मताला अराजक असे नाव मिळाले. यदृच्छेने उचललेल्या मॅट्रिक्समध्ये मोठे कोन येणे सर्वांत संभाव्य असते, आणि अणुभट्टी-कोन शून्य नाही असे कळल्यावर या मताचे बळ वाढले. अराजकाचा दोष असा की ते कोणत्याही मापाला मना करत नाही. केवळ एकच विश्व मोजायला उपलब्ध असताना संभाव्यतेच्या विधानाला खोटे पाडणे जवळजवळ अशक्य असते. असे असले तरी सममितीच्या प्रत्येक दाव्याने किमान या अराजकाहून अधिक काय सांगितले, हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे, आणि जे प्रतिमान त्याचे उत्तर आकड्यात देऊ शकत नाही त्याला या पुस्तकात स्थान दिलेले नाही.

या कसोटीला उतरणारे एक उदाहरण म्हणजे स्टीफन किंग यांनी २०१५ च्या सुमारास मांडलेले लिटलेस्ट सीसॉ प्रतिमान. त्यात दोनच जड न्यूट्रिनो असतात आणि त्यांच्या जोडण्यांची दिशा सममितीने ठरते, त्यामुळे वस्तुमानांचे दोन फरक, तीन कोन आणि एक कला या सहा राशी मुख्यतः दोन सुट्या संख्यांतून निघतात. सर्वांत हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य आणि वस्तुमानांचा क्रम सरळ, म्हणजे तिसरी अवस्था सर्वांत जड, या गोष्टीही त्यात आधीच ठरलेल्या असतात. हे प्रतिमान टीएम-१ कुळातील असल्याने सौर कोनाच्या परीक्षेत ते आज टिकून आहे. फेरुल्यो यांनी २०१७ मध्ये आणलेली मॉड्युलर सममितीची वाट वेगळी आहे. तिच्यात जोडण्या एकाच संमिश्र संख्येवर अवलंबून असलेली विशिष्ट गणिती फलने होतात आणि सममिती मोडणाऱ्या अदृश्य क्षेत्रांचा पसारा पुष्कळ आटोपतो. मात्र फलनांच्या आणि भारांच्या निवडी इतक्या आहेत की या वाटेवरची प्रतिमाने झपाट्याने वाढत गेली, आणि अनेक प्रतिमाने एकाच माहितीवर पारखल्यावर त्यांपैकी काही निव्वळ योगायोगाने जुळणारच, हे विसरून चालत नाही.

उरलेली मोठी परीक्षा कलेची आहे. ही कला न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या आंदोलनांत फरक पाडते, आणि सध्याच्या नोंदी तिला विस्तीर्ण पट्ट्यात कोठेही असू देतात. टीएम-१ नुसार मात्र ती स्वतंत्र नाही. वातावरणीय कोन नेमका ४५ अंशांचा असेल तर कला ९० अंशांची, अधिक किंवा उणे, असलीच पाहिजे. कोन ४५ पासून साडेतीन अंशांनी ढळला तर कला त्या स्थानापासून सुमारे पंधरा-सोळा अंश ढळते, आणि कोन कोणत्या बाजूला ढळला यावर तिची दिशा ठरते. म्हणजे एका राशीची मोजणी दुसऱ्या राशीचे भाकीत आधीच करून ठेवते. अमेरिकेत फर्मिलॅबपासून तेराशे किलोमीटर दूर साउथ डकोटात उभा राहणारा ड्यून प्रयोग आणि जपानमध्ये तोकाई येथून २९५ किलोमीटरवर बांधला जात असलेला हायपर-कामिओकांदे यांना या दोन्ही राशी मोजायच्या आहेत. पुढील प्रकरणांत हे नाते टीएम-१, टीएम-२, सुवर्ण गुणोत्तर आणि भारित लेप्टॉनांकडून दुरुस्त झालेल्या आकृतिबंधांसाठी स्वतंत्रपणे काढले असून, प्रत्येकाच्या भाकिताचा पट्टा आजच्या अनिश्चिततेसह आखून ठेवला आहे, जेणेकरून नवे आकडे आल्यावर वाचकाला ते त्याच आलेखावर स्वतः मांडून पाहता येतील.